गोवरीचा धूर आणि आमचा दंगा

त्या हिवाळ्यात मला दंग्यांचं वेड लागलं होतं. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात दर मंगळवारी संध्याकाळी एक वर्ग चालायचा: तीन-चारशे वर्षांपूर्वीची युरोपातली शहरं, तिथल्या गरिबांच्या वस्त्या आणि त्या वस्त्यांमधले दंगे. नागपूरला मी इतिहासात एम.ए. केलं होतं. मग लग्न, डिपेंडंट व्हिसा, मुलगा, डेंटिस्टकडची रिसेप्शनची नोकरी असं करता करता तो इतिहास राहूनच गेला. मुलगा शिकायला दुसऱ्या राज्यात गेल्यावर घर खायला उठलं, आणि जानेवारीत मी जाऊन नाव घातलं. नवरा म्हणाला, जगात एवढे विषय असताना दंगेच का? मी म्हटलं, योगा सगळ्याच करतात.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, काटकुळ्या, आवाज इतका बारीक की मागच्या रांगेतल्यांनी कान टवकारून बसायचं. पण दंग्यावर आल्या की त्या खुर्चीत मावायच्या नाहीत. जमाव पिसाळला, असं कुणी म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. त्यांचं म्हणणं, माणसं पिसाळलेली नसायचीच. पाव वजनात मारला, धान्य गुपचूप गावाबाहेर निघालं, की आधी रीतसर अर्ज-विनंत्या व्हायच्या. त्याला कुणी भीक घातली नाही, की मग एखाद्या सकाळी घंटा वाजायची आणि वस्ती बाहेर पडायची. पुढे बायका. पावाच्या रांगेत तासन् तास त्याच उभ्या असायच्या, आणि शिपायांचा हात त्यांच्यावर सहसा लवकर उठत नसे. हातात पातेली, तवे, झारे, आणि ते बडवत जायचं ते नेमकं ज्याच्यामुळे हे झालं त्याच्याच घरावर. शेजारच्या घराच्या काचेला धक्का लागत नसे. आणि पुष्कळदा हे लोक धान्य लुटायचेही नाहीत. गाडी अडवायची, रास्त भावाने तिथल्या तिथे विकायचं, आणि आलेले पैसे त्या व्यापाऱ्याच्याच हातात ठेवायचे.

हे ऐकलं तेव्हा मी बाकावरून जवळजवळ उठलेच. दंगा करायचा आणि वर सभ्यपणाही सोडायचा नाही, ही कल्पना मला इतकी आवडली की घरी येऊन मी नवऱ्याला भाजी गरम करता करता सगळा तास पुन्हा शिकवला. तो म्हणाला, तू शिकायला जातेस की कट करायला?

कटाची गरज आमच्याकडे खरोखरच होती. अमेरिकेतल्या आयसेलिनला, आपल्या लोकांच्या दुकानांनी भरलेल्या ओक ट्री रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं कॉम्प्लेक्स आहे. लाल विटांच्या जुन्या दुमजली इमारती, निम्म्याहून जास्त घरं आपल्या लोकांची. तेलुगू, गुजराती, मराठी, सगळ्यांच्या फोडण्यांचा वास एकाच जिन्यात. आम्ही तिथे राहायला आलो ते दोन वर्षांसाठी म्हणून, आणि मुलाचं सगळं बालपण तिथेच गेलं. प्रत्येक इमारतीच्या तळघरात घरं गरम ठेवणारा एक बॉयलर. फेब्रुवारीत सुपर बोलच्या, म्हणजे इथल्या फुटबॉल फायनलच्या, दिवशी आमच्या इमारतीचा बॉयलर बंद पडला आणि नंतर तो चालू व्हायचं नावच घेईना.

प्रत्येकाने आपापली तक्रार अ‍ॅपवर टाकली. प्रत्येकाला तेच उत्तर आलं, आपली विनंती आमच्यासाठी महत्त्वाची आहे, पार्ट मागवला आहे. घरात बोलताना तोंडातून वाफ निघायची. लोकांनी छोटे इलेक्ट्रिक हीटर आणले, तर दोन लावले की घराची वीज जायची. वर कॉम्प्लेक्सच्या ऑफिसातून सगळ्यांना ईमेल आली की असे हीटर वापरणं लीझच्या नियमात बसत नाही. ती ईमेल वाचून मी जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आता आम्ही काही त्या वस्त्यांसारखे भुकेकंगाल नव्हतो. पगार बरे होते, फ्रीज भरलेले होते. पण निम्म्या घरांत कुणाचा ना कुणाचा व्हिसा कुठे तरी अडकलेला, कुणाचं ग्रीन कार्ड वर्षानुवर्षं लटकलेलं, आणि सगळ्यांच्या मनात एकच धास्ती, की आपलं नाव कुठल्याही भानगडीत यायला नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र आग लागलेली असायची. मी लिहिलं, रविवारी सकाळी सगळे मिळून लीझिंग ऑफिसात जाऊ. होकाराच्या उंचावलेल्या अंगठ्यांची रांग लागली. रविवारी बर्फात मी, माझा नवरा आणि एका काकांचा कुत्रा, एवढेच जमलो. काका कुत्र्याला फिरवायला निघाले होते, त्यांनी मेसेज वाचलाच नव्हता. ऑफिस रविवारी बंद असतं हेही तेव्हाच कळलं.

मंगळवारी बाईंना ही फजिती सांगितली तर त्यांचे डोळे चमकले. म्हणाल्या, घंटा कुणी वाजवली? मी म्हटलं, आमच्याकडे घंटा नाही, व्हॉट्सअ‍ॅप आहे. त्या म्हणाल्या, तेच चुकलं, ते म्यूट करता येतं.

आमच्या खालच्या घरात एक तरुण जोडपं होतं, सांगलीकडचं. मुलगा सॉफ्टवेअरमध्ये, वर्क व्हिसावर. बॉयलर बंद पडायच्या आठवडाभर आधी त्यांना मुलगी झाली होती, आणि बाळंतपणाला बायकोची आई आली होती. बाळाची आजी, म्हणून आम्ही सगळेच त्यांना आजी म्हणायला लागलो. साडीवर जावयाचं जाड जॅकेट, पायात मोजे आणि वर लेकीचे स्नीकर्स, अशा त्या दिवसभर घरात वावरायच्या. बाळ चार दुपट्यांत गुंडाळलेलं. मी रोज जायचे, पण बाळाच्या नाकाच्या शेंड्यापलीकडे मला काही बघायला मिळालं नव्हतं.

आजींचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. बाळाला अंघोळ घालायची. नाळ पडली होती, पण हाडं गारठतील अशा घरात बाळाला उघडं कसं करायचं? पाय पसरून बसायचं, बाळाला पायांवर घ्यायचं, तेलाने रगडायचं, कढत पाणी घालायचं, हे त्यांनी सांगलीत कितीतरी बाळांना केलं होतं, आणि इथे स्वतःच्या पहिल्या नातीला करता येत नव्हतं. बाथरूममध्ये एकदा सगळी तयारी करून बसल्या तर पाणी अंगावर पडेपर्यंत निवलं, बाळ काळंनिळं पडल्यासारखं झालं, आणि लेक घाबरून रडायला लागली. त्यानंतर नाही. डॉक्टर म्हणाले होते, ओल्या कपड्याने पुसलं तरी चालेल. आजी म्हणाल्या, पुसायला ती काय फर्निचर आहे?

बाळ रात्रंदिवस किरकिरायचं. बारसंही पुढे ढकललं होतं, कारण गारठ्यात पाहुणे बसवायचे कुठे. मी जावयाला म्हटलं, तू स्वतः जाऊन भांड ना ऑफिसात, तान्हं बाळ आहे घरात. तो बिचारा इतका भला होता की बोलायची सुरुवातच सॉरीने करायचा. म्हणाला, "काकू, लीझ रिन्यू व्हायचंय, ग्रीन कार्डची प्रोसेस सुरू आहे. आत्ता कुठलं लफडं नको यार." मग मला यार म्हटल्याबद्दलही सॉरी म्हणाला.

शुक्रवारी मी आजींना सामान आणायला ओक ट्री रोडवर घेऊन गेले. डिंक, खारीक, बाळंतशेपा, ओवा, असं घेत घेत त्या पूजेच्या सामानाशी पोचल्या आणि थबकल्या. फळीवर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेल्या गोवऱ्या होत्या. पाकिटावर छापलेलं, धार्मिक कार्यासाठी, खाण्यासाठी नव्हे. ते मी वाचून दाखवल्यावर त्या तिथेच, दुकानाच्या मधोमध, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. इतक्या दिवसांत मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग एक पाकीट उचलून सामानात टाकलं. मला वाटलं, गंमत म्हणून घेतलं.

शनिवारी सकाळी बर्फ थांबला होता आणि ऊन लख्ख पडलं होतं. मी चहा गाळत होते, आणि फायर अलार्म वाजला. तो आमच्या इमारतीचा अलार्म ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. कानात नाही, दातांत वाजतो. जिन्यातले दिवे चमकायला लागले, दारं धडाधड उघडली, आणि बघता बघता अख्खी इमारत पार्किंग लॉटमध्ये.

ते दृश्य आठवलं की मला आजही हसू येतं. पायजम्यावर जॅकेट, पायांत चपला, आणि प्रत्येक घरातल्या एकाच्या तरी हातात तीच ती जाड फाइल. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, डिग्र्या. आग लागली तर आधी काय वाचवायचं हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. हातमोजे मात्र कुणीच आणले नव्हते. बायका स्वयंपाकघरातून होत्या तशा निघाल्या होत्या. शेजारच्या तेलुगू बाईंच्या एका हातात ताट, दुसऱ्या हातात लाटणं. एकीने गॅस बंद केला आणि कुकर उचलून आणला, त्यात डाळ होती आणि तो अजून फुसफुसत होता. गुजराती मावशींकडे झारा. माझ्या हातात चहाची गाळणी.

आणि आजी. बाळ पदराखाली, जॅकेटच्या आत छातीशी धरलेलं, चेहरा पांढराफटक. त्यांची लेक त्यांना बिलगून उभी. आजी मला हळूच म्हणाल्या, मी धुरी दिली गं. त्यांनी कढईत गोवरी पेटवून तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकला होता, बाळाची खोली जरा तरी उबदार व्हावी, बाळाला शेक मिळावा म्हणून. सांगलीत हजार वेळा केलेली गोष्ट. छताला एक गोल डबी असते आणि ती धुराला ओरडते, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

फायर ट्रक आला. गणवेशातली माणसं आत गेली आणि थोड्या वेळाने एक मुलगी हातात आमच्या आजींची कढई घेऊन बाहेर आली. पंचविशीची असेल, हेल्मेट, जाड कोट, चेहरा मात्र आपल्याकडचा. तिने कढईचा वास घेतला, गर्दीवरून नजर फिरवली, बरोबर आजींसमोर येऊन उभी राहिली आणि अगदी अमेरिकन उच्चारांत म्हणाली, "आजी, धुरी?" आजींनी मान हलवली. त्यांना रडू फुटायच्या बेतात होतं. ती मुलगी इथलीच, पण आईवडील मराठी. तिने तिच्या साहेबांना इंग्रजीत सगळं समजावून सांगितलं, की आग नाही, घरात तान्हं बाळ आहे, त्याला गरम ठेवायला आमच्यात असं करतात. साहेबांनी विचारलं, गरम ठेवायला? हीट नाही का?

त्यावर पार्किंग लॉटमधली सगळी माणसं एकदम बोलायला लागली. अ‍ॅपवर एकेकट्याने लिहिलेलं सगळं आता सगळ्यांच्या तोंडून एका वेळी निघत होतं. सुपर बोलपासून नाही. माझ्या मुलाला दमा आहे. आम्ही जॅकेट घालून झोपतो. माझा नवराही बोलत होता आणि माझ्यापेक्षा मोठ्याने बोलत होता. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो थंडीचा नव्हता. बाई म्हणायच्या तशी घंटा वाजली होती आणि वस्ती खरोखर बाहेर आली होती!

एवढ्यात लॉटच्या पलीकडच्या लीझिंग ऑफिसातून मॅनेजर आली. हातात कॉफी. साहेबांशी दोन शब्द बोलली आणि मग सरळ जावयाकडे वळली. हे तुमच्या युनिटमध्ये झालं ना? घरात उघडी आग, हे लीझचं सरळसरळ उल्लंघन आहे, तुम्हाला घर सोडायची नोटीस काढावी लागेल. आवाज तिने चढवला नाही. जावयाने फाइल या हातातून त्या हातात घेतली. तो सॉरी म्हणाला, पुन्हा सॉरी म्हणाला, आणि त्याची बायको त्याचा दंड धरून त्याला थांबवायचा प्रयत्न करत होती. बाळंतीण बाई, बर्फात उभी, आणि नवऱ्यावर माफी मागायची वेळ.

आजींनी मला विचारलं, काय म्हणते? मी जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी मॅनेजरला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "हिच्या अंगात स्वेटरसुद्धा नाही. हिला थंडी कशी वाजत नाही?"

मी मान वळवून ऑफिसकडे पाहिलं. मोठ्या काचेच्या दर्शनी भिंतीला आतून वाफ धरली होती. आत कुंडीत केळीसारखं काही तरी झाड हिरवंगार डुलत होतं. आमच्या घरांत तोंडातून वाफ निघत होती आणि तिथे झाडं पोसली जात होती. मला जो राग आला, तसा राग मला या देशात आल्यापासून आला नव्हता. मी आजींचं वाक्य मराठीत म्हटलं, हिंदीत म्हटलं आणि मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. तीन वेळा.

मग ठण्ण. तेलुगू बाईंनी लाटणं ताटावर आपटलं होतं. या बाईंचा आवाज मी त्याआधी कधी ऐकलासुद्धा नव्हता, जिन्यात भेटल्या तरी नुसत्या हसायच्या. पुन्हा ठण्ण. कुकरवाल्या बाईंनी कुकर खाली ठेवला आणि झाकण काढून त्याच्यावरच वाजवायला लागल्या. झारा रेलिंगवर, किल्ल्यांचे जुडगे कचऱ्याच्या लोखंडी डब्यावर, आणि मुलांनी तर बर्फ काढायची फावडीच उचलली. हीट, हीट, हीट. मी गाळणीने काय वाजवणार? मी ओरडत होते. एम.ए. झाल्यावर इतक्या वर्षांनी इतिहास माझ्या घशातून बाहेर येत होता, आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता सोय नाही.

ऑफिसकडे चला, असं कुणी म्हटलं नाही. आजी निघाल्या. बाळ छातीशी, सरळ त्या काचेच्या ऑफिसच्या दिशेने. त्यांच्यामागे लेक, लेकीमागे आम्ही बायका, आणि बायकांच्या मागे फाइली घेतलेले पुरुष. एका तरुणाने काचेवर मारायला बर्फाचा गोळा केला, तर त्याच्या बायकोने नुसतं डोळे वटारून पाहिलं आणि त्याने तो खाली टाकला. मॅनेजर मागून येत राहिली, एक्सक्यूज मी, एक्सक्यूज मी म्हणत. साहेब जागचे हलले नाहीत. त्यांनी फोन काढला आणि टाउनच्या, घरं तपासणाऱ्या इन्स्पेक्टरला लावला.

दारात पोचलो आणि दंगा थांबला. थांबला म्हणजे, आजींनी स्नीकर्स काढले. आत गालिचा होता ना. मग लेकीने काढले. मग आम्ही सगळ्यांनी, ओळीने, वाकून, बंद सोडून. दंगा करायला आलेला जमाव लीझिंग ऑफिसच्या पायरीवर चपला काढत होता, आणि हे विचित्र आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. बाईंना नंतर हे सांगितलं तेव्हा त्यांनी दोन्ही हात तोंडावर धरले. म्हणाल्या, हे मी पुढच्या वर्षी शिकवणार.

आत गेल्याबरोबर ऊब अंगावर आली. कितीतरी दिवसांनी माझ्या हातांची बोटं माझीच आहेत असं वाटलं. आजींनी ऑफिसभर नजर फिरवली, सोफ्याच्या आड वारा न लागणारी एक जागा हेरली आणि मला म्हणाल्या, पाणी. बस, एवढंच. मग काय विचारता! कॉफीच्या कोपऱ्यात सिंक होतं, गरम पाण्याचा नळ होता. एकजणी घरी धावली आणि परात, पातेलं, टॉवेल घेऊन आली. लेकीच्या घरातून तेलाची वाटी आली, ती कुणीतरी गरम पाण्यात धरून पातळ केली. बायकांनी पदर, ओढण्या, शाली धरून आडोसा केला. पुरुष पाठ करून उभे राहिले. आजी गालिच्यावर टॉवेल अंथरून बसल्या, पाय लांब केले, आणि एकेक करून ती चारही दुपटी सोडली.

आतून एक इवलंसं, तांबूस, रागावलेलं माणूस निघालं. मी त्या बाळाचे हात पहिल्यांदा पाहिले. मुठी आवळलेल्या. आजींनी तेलाचा हात छातीवरून फिरवला, पाठीवरून फिरवला, पायांवरून ओढला, आणि त्या बाळाने जे भोकाड पसरलं ते ऐकून सगळ्या बायका हसायला लागल्या. इतक्या दिवसांची किरकिर नव्हती ती. ते खणखणीत, पोटातून आलेलं रडणं होतं. बाळाची आई गुडघ्यांवर बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. माझ्याही. त्यात लाजण्यासारखं काय आहे?

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण मला ताणून धरता येत नाही. दुपारी इन्स्पेक्टर आला, आमच्या घरांमधून फिरला, आणि त्याने मालकाच्या माणसांना जे काही ऐकवलं त्यानंतर तो कुठे तरी अडकलेला पार्ट संध्याकाळपर्यंत सापडला. रात्री जेवायच्या वेळेला रेडिएटर तापले. घर सोडायची नोटीस कुणालाच आली नाही, आणि वसंतात त्या जोडप्याचं लीझ मुकाट्याने रिन्यू झालं. बारसं त्यांच्याच घरात झालं, तिथे आम्ही इतके जमलो की निम्मे जिन्यात बसले.

पण त्या सकाळी हे काही आम्हाला माहीत नव्हतं. आजींनी पहिलं पाणी घातलं तेव्हा मॅनेजर ऑफिसच्या दारात उभी होती. दार सताड उघडं, कानाला फोन, मालकाला सांगत होती की इथे काय चाललंय यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बाहेरचा वारा थेट आत येत होता. आडोशाच्या शाली हलल्या, बाळ ओल्या अंगाने शहारलं, आणि आजींनी त्याला झटकन पोटाशी घेतलं. मॅनेजरने फोन खाली घेतला आणि जावयाला म्हणाली, हे सगळं तुमच्या नावावर लिहिलं जाणार आहे, कळतंय ना तुम्हाला?

तो आडोशाला पाठ करून उभा होता, फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरून. सगळ्या इमारतीला सॉरी म्हणणारा मुलगा. मला वाटलं, आता हा पुन्हा माफी मागणार, आणि मला ते बघवलं नसतं. त्याने फाइल सोफ्यावर ठेवली. दोन पावलं पुढे गेला आणि अगदी साध्या आवाजात, इंग्रजीत म्हणाला, "प्लीज दार लावा. माझ्या मुलीची अंघोळ चालली आहे."

तिने दार लावलं.